मेक्सिको कोपा अमेरिकात: ४४, ४८ की ५१ सामने? तीन तक्ते, तीन उत्तरं

राखीव_खेळाडू

मेक्सिको १९९३ पासून कोपा अमेरिकात, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, पाहुणा म्हणून खेळतोय. त्याचा सगळा हिशेब एका पानात बसवायचा आहे. समोर तीन तक्ते आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. क्रम विजय-बरोबरी-पराभव, पुढे केलेले आणि खाल्लेले गोल:

पहिला: ४४ सामने, १७-१२-१५, गोल ६०:५३
दुसरा: ४८ सामने, २१-१०-१७, गोल ७५:७१
तिसरा: ५१ सामने, २०-१४-१७, गोल ६७:६३

दुसऱ्यात सामने तिसऱ्यापेक्षा तीन कमी, तरी विजय एकाने जास्त आणि गोल तर दोन्ही बाजूंना आठ-आठ जास्त. हे कसं? शिवाय २०११ ला मेक्सिकोने पोरांचा संघ पाठवला होता, ते सामने धरायचे का? आणि २०१६, २०२४ ला स्पर्धा अमेरिकेत झाली, तेव्हा मेक्सिकोला पाहुणा म्हणायचं का?

---

गोलफरक

तिघांनी तीन नियम लावलेत. पहिला २०१५ ला थांबतो, दुसरा २०१६ पर्यंत जातो, तिसरा २०२४ धरून आहे. सामन्यांच्या आकड्यातला फरक एवढाच.

विजयाचा घोळ शूटआउटमुळे. मेक्सिकोचे कोपातले तीन सामने पेनल्टीवर गेले: १९९५ ला अमेरिकेविरुद्ध ०-० (शूटआउट १-४, हरले), १९९७ ला इक्वाडोरविरुद्ध १-१ (४-३, जिंकले), १९९९ ला पेरूविरुद्ध ३-३ (४-२, जिंकले). तिन्ही उपांत्यपूर्व फेरीतले. आकडेवारीत असा सामना बरोबरी म्हणूनच लिहितात. शूटआउट हा पुढे कोण जाणार ते ठरवायचा मार्ग आहे, सामन्याचा भाग नाही. दुसऱ्या तक्त्याने त्या तीन बरोबऱ्या काढून दोन विजयात आणि एक पराभवात टाकली. म्हणून १९-१३-१६ चं २१-१०-१७ झालं. हा नियम कुणाला लावायचाच असेल तर लावू दे, पण तसं वर लिहायला हवं.

गोलांच्या बाबतीत मात्र दुसरा तक्ता सरळ चुकलाय, कारण त्याने शूटआउटचे गोलही बेरजेत धरलेत. मेक्सिकोचे १+४+४ म्हणजे ९ आणि समोरच्यांचे ४+३+२ म्हणजेही ९. खरा आकडा ६६:६२, तो ७५:७१ झाला. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंना नऊच वाढल्यामुळे गोलफरक +४ चा +४ च राहतो. फरक जुळवून तपासणाऱ्याच्या हाती ही चूक कधीच लागणार नाही. म्हणून केलेले आणि खाल्लेले गोल वेगवेगळे जुळवायचे.

स्पर्धावार तक्ता खाली देतो, शूटआउट बरोबरीत धरून:

१९९३ इक्वाडोर, उपविजेते: ६ सामने, २-२-२, ९:७
१९९५ उरुग्वे, उपांत्यपूर्व: ४, १-२-१, ५:४
१९९७ बोलिव्हिया, तिसरे: ६, २-२-२, ८:९
१९९९ पॅराग्वे, तिसरे: ६, ३-१-२, १०:९
२००१ कोलंबिया, उपविजेते: ६, ३-१-२, ५:३
२००४ पेरू, उपांत्यपूर्व: ४, २-१-१, ५:७
२००७ व्हेनेझुएला, तिसरे: ६, ४-१-१, १३:५
२०११ अर्जेंटिना, गटात बाद: ३, ०-०-३, १:४
२०१५ चिली, गटात बाद: ३, ०-२-१, ४:५
२०१६ अमेरिका, उपांत्यपूर्व: ४, २-१-१, ६:९
२०२४ अमेरिका, गटात बाद: ३, १-१-१, १:१

एकूण ५१, २०-१४-१७, ६७:६३. तुमचा तिसरा तक्ता बरोबर आहे.

१९९३ ची ओळ नीट बघा. गटात कोलंबियाकडून १-२ हार, अर्जेंटिनाशी १-१, बोलिव्हियाशी ०-०. एकही विजय नाही, तरी तिसऱ्या क्रमांकावरून बाद फेरीत गेले. तिथे पेरूला ४-२ आणि क्विटोत यजमान इक्वाडोरला २-० हरवून थेट अंतिम सामना गाठला. ग्वायाकिलच्या त्या सामन्यात अर्जेंटिनाच्या बातिस्तुताने दोन गोल मारले, त्या दोहोंच्या मधे गालिंदोने पेनल्टीवर एक फेडला, १-२. पहिल्याच वर्षी पाहुणा चषकाच्या इतक्या जवळ गेला तो कॉन्मेबोलच्या (दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाच्या) रचनेमुळेही. सदस्य दहाच, त्यात दोन पाहुणे घेऊन बारा केले, चारचे तीन गट पाडले, आणि आठ जागा भरायला तिसऱ्या क्रमांकाचे दोन संघ वर घेतले.

---

उजवी_बगल

वरचं सगळं मान्य, फक्त २०१६ आणि २०२४ ला 'पाहुणा' या एकाच खणात कोंबू नका.

१९९३ ते २०१५ कॉन्मेबोल बोलावणं धाडायची आणि मेक्सिको जायचा. पात्रता वगैरे काही नव्हतं. २०१६ ची शतकमहोत्सवी स्पर्धा कॉन्मेबोल आणि कॉन्काकॅफने (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा महासंघ, मेक्सिको याचाच सदस्य) मिळून भरवली. दहा दक्षिण अमेरिकी आणि सहा कॉन्काकॅफचे, असे सोळा संघ. त्या सहांत यजमान अमेरिका आणि मेक्सिकोला थेट जागा होती. २०२४ ला तर पात्र व्हावं लागलं. कॉन्काकॅफ नेशन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत होंडुरासकडून पहिल्या लढतीत ०-२ हरले, मेक्सिको सिटीच्या आझ्टेका मैदानावर २-० ने फेडलं आणि शूटआउटवर सुटले. बोलावण्यावर आलेला आणि पात्र होऊन आलेला, दोघांना एक म्हणणं पटत नाही.

मैदानाचाही फरक आहे. आधीचे ४४ च्या ४४ सामने दक्षिण अमेरिकेत झाले. नंतरचे सात ग्लेनडेल, पॅसाडीना, ह्यूस्टन, सांता क्लारा, इंगलवूड या शहरांत. तिथे गॅलरी मेक्सिकोच्या हिरव्या जर्सींनी भरलेली असते, मेक्सिको जवळजवळ घरच्यासारखा खेळतो. आणि त्या सात सामन्यांचा हिशेब? ३-२-२, गोल ७:१०. घरच्या गॅलरीसमोर खाल्लेल्या दहापैकी सात एकट्या चिलीचे. २०१६, सांता क्लारा, ०-७, वार्गासचे चार.

तेव्हा पान एकच करायचं असेल तर दोन बेरजा ठेवा. 'निमंत्रित १९९३-२०१५': ४४, १७-१२-१५, ६०:५३. आणि 'सर्व सहभाग': ५१, २०-१४-१७, ६७:६३. तुमचा पहिला आणि तिसरा तक्ता नेमकं हेच सांगतायत. दुसरा टाकून द्या.

---

मधली_फळी

२०११ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सामने धरायचेच. स्पर्धा वरिष्ठ गटाची आहे, गुणतक्त्यात नाव मेक्सिकोचं आहे. समोरच्या पेरूने किंवा उरुग्वेने त्या १-० च्या विजयाचे गुण काही परत केले नाहीत. पण तळटीप हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मेक्सिकोचा फुटबॉलच अचानक कोसळला.

त्याच वर्षी जूनमध्ये गोल्ड कप, म्हणजे कॉन्काकॅफची स्वतःची स्पर्धा, होती. मुख्य संघ तिकडे खेळला आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ४-२ हरवून जिंकलाही. कोपासाठी कॉन्काकॅफने बावीस वर्षांखालचा संघ आणि पाच थोरले खेळाडू एवढीच परवानगी दिली. त्यातही स्पर्धेच्या तोंडावर बेशिस्तीपायी आठ जणांना संघाबाहेर काढावं लागलं. मग चिलीकडून १-२, पेरूकडून ०-१, उरुग्वेकडून ०-१. प्रशिक्षक लुइस फर्नांडो तेना. याच तेनांनी पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलला २-१ हरवून सुवर्णपदक आणलं. त्या दृष्टीने तो दौरा वाया गेला असं म्हणवत नाही, पण तक्त्यात तीन पराभव राहिले ते राहिलेच.

२०१५ ला तीच अडचण. कोपा संपली की लगेच गोल्ड कप, त्यामुळे प्रशिक्षक मिगेल एरेरांनी चिलीत दुय्यम संघ नेला. बोलिव्हियाशी ०-०, यजमान चिलीशी ३-३ (वुओसोचे दोन, समोरून विदालचे दोन), इक्वाडोरकडून १-२. गोल्ड कप मात्र जिंकला.

पाहुण्याची गोम इथेच आहे. क्लबांना खेळाडू सोडायचं बंधन असतं ते आपल्या खंडाच्या स्पर्धेसाठी. दुसऱ्याच्या खंडात पाहुणा म्हणून जायचं तर क्लब 'नाही' म्हणू शकतो. मेक्सिकोचे बहुतेक खेळाडू देशातल्याच लीगमध्ये होते तोवर हे निभावलं. युरोपात खेळणारे वाढले आणि कॉन्काकॅफने गोल्ड कप विषम वर्षांत पक्का केला, तसा पेच घट्ट होत गेला.

म्हणून माझ्या मते खरी तुलना १९९३-२००७ ची. सात स्पर्धा, ३८ सामने, १७-१०-११, गोल ५५:४४. सातही वेळा किमान उपांत्यपूर्व फेरी, दोनदा अंतिम सामना, तीनदा तिसरा क्रमांक. दक्षिण अमेरिकेतल्या निम्म्या देशांना त्या काळात एवढं जमलं नाही. २०११ आणि २०१५ चे सहा सामने बाजूला काढले तर ते ०-२-४, ५:९ आहेत. ३८ आणि ६ मिळून ४४, बेरीज जुळते.

अपवाद २००७ चा. त्या वर्षीही गोल्ड कप होता. २४ जूनला शिकागोत अमेरिकेकडून अंतिम सामना हरले आणि २७ जूनला व्हेनेझुएलात ब्राझीलला २-० हरवलं, गोल नेरी कास्तियो आणि रामोन मोरालेसचे. मधे जेमतेम तीन दिवस. प्रशिक्षक ऊगो सांचेझ मुख्य संघच घेऊन आले होते, आणि विजयांच्या हिशेबात तीच मेक्सिकोची सर्वांत चांगली कोपा ठरली. थकवा म्हणाल तर तो उपांत्य फेरीत दिसला असावा, अर्जेंटिनाकडून ०-३.

---

राखीव_खेळाडू

फार उपयोगी. दोन बेरजा आणि २०११, २०१५ ला तळटीप, असं ठरवलं.

आता प्रतिस्पर्धीवार तक्ता करतोय. सगळे सामने स्प्रेडशीटमध्ये घातले आणि 'डुप्लिकेट काढा' चालवलं, कारण काही ओळी दोनदा चिकटल्याची शंका होती. बेरीज येते ४८ सामने, १९-१४-१५, गोल ६४:५८. वर २०१६ पर्यंतचे ४८ सामने म्हटलेत म्हणून आधी वाटलं २०२४ च्या ओळी राहिल्या. पण त्या तिन्ही शीटमध्ये आहेत.

---

गोलफरक

डुप्लिकेट शोधताना वर्ष आणि प्रतिस्पर्धी एवढे दोनच स्तंभ निवडले असणार. एकाच स्पर्धेत एकाच संघाशी दोनदा गाठ पडते हे त्यात मारलं जातं. मेक्सिकोच्या बाबतीत असं तीनदा झालंय:

१९९३ अर्जेंटिना: गटात १-१, अंतिम सामन्यात १-२
१९९९ ब्राझील: गटात १-२, उपांत्य फेरीत ०-२
१९९९ चिली: गटात १-०, तिसऱ्या क्रमांकासाठी २-१

प्रत्येक जोडीतला दुसरा सामना उडाला. म्हणजे एक विजय, दोन पराभव, तीन गोल केलेले आणि पाच खाल्लेले. २०-१४-१७ मधून वजा केलं की बरोबर १९-१४-१५, आणि ६७:६३ चे ६४:५८. ४८ हा आकडा २०१६ पर्यंतच्या ४८ शी जुळला तो निव्वळ योगायोग, पण फसवा. विजयही दोन्हीकडे १९ च! फक्त बरोबरी आणि पराभव एकेकाने सरकलेत.

उपाय सोपा: 'फेरी' असा तिसरा स्तंभ घाला (गट, उपांत्यपूर्व, उपांत्य, तिसरा क्रमांक, अंतिम) आणि डुप्लिकेट काढताना तिन्ही स्तंभ निवडा. त्याहून चांगलं म्हणजे सामन्याची तारीख. एका संघाचे एका तारखेला दोन सामने होत नाहीत.

---

उजवी_बगल

प्रतिस्पर्धीवार तक्ता माझ्याकडून घ्या, ताळा करून ठेवलाय. २०२४ धरून:

ब्राझील: ६ सामने, २-०-४, ६:११
अर्जेंटिना: ४, १-१-२, ३:६
उरुग्वे: ६, ३-२-१, ११:७
इक्वाडोर: ६, ३-२-१, ८:५
चिली: ७, ३-२-२, ९:१३
पेरू: ५, २-१-२, ८:७
व्हेनेझुएला: ४, २-१-१, ७:४
पॅराग्वे: ३, १-१-१, ७:२
कोलंबिया: ३, १-०-२, ३:४
बोलिव्हिया: ३, ०-२-१, १:३
कॉन्काकॅफचे संघ (अमेरिका, कोस्टा रिका, जमैका दोनदा): ४, २-२-०, ४:१

उभी बेरीज ५१, २०-१४-१७, ६७:६३. स्पर्धावार आणि प्रतिस्पर्धीवार अशा दोन वेगळ्या बाजूंनी तोच आकडा आला की ओळ राहिली नाही याची बऱ्यापैकी खात्री. एक सामना चुकीच्या देशाखाली गेला असेल तर मात्र बेरजेत कळत नाही, त्यासाठी प्रत्येक देशाच्या ओळी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

शेवटची ओळ लोक विसरतात. 'मेक्सिको विरुद्ध दक्षिण अमेरिका' असा मथळा द्यायचा असेल तर ते चार सामने काढा: ४७, १८-१२-१७, ६३:६२. मथळ्याखाली ५१ लिहिलं तर चूक.

बोलिव्हियाला मेक्सिको कोपात एकदाही हरवू शकला नाही. दोन ०-० आणि १९९७ ची उपांत्य फेरी, ला पाझला, सुमारे ३६०० मीटर उंचीवर, १-३. मेक्सिकोचे खेळाडू स्वतः दोन हजार मीटरवरच्या राजधानीत खेळतात म्हणून उंचीचं त्यांना काही वाटत नसेल असा समज असतो, पण ला पाझ त्याच्याही सुमारे चौदाशे मीटर वर आहे. त्याच स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध एर्नांडेझच्या दोन गोलांनी २-० पुढे जाऊन २-३ हरले होते. एर्नांडेझ सहा गोल मारून स्पर्धेत पहिला आला.

पॅराग्वेच्या ७:२ वर जाऊ नका. त्यातले सहा २००७ च्या एका सामन्यातले, आणि त्यात पॅराग्वेच्या गोलरक्षकाला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं होतं. चिलीचं उलट: ०-७ वगळला तर ९:६ उरतं.

यजमानांशी गाठ पाच वेळा: १९९३ इक्वाडोर २-०, १९९५ उरुग्वे १-१, १९९७ बोलिव्हिया १-३, २००१ कोलंबिया ०-१, २०१५ चिली ३-३. म्हणजे १-२-२, ७:८. २००१ चा पराभव हा बोगोटाचा अंतिम सामना, इव्हान कोर्दोबाचा एकमेव गोल. कोलंबियाने त्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही, तेव्हा मेक्सिकोला वेगळं काही दोष द्यायला नको.

---

ऑफसाइड_सापळा

इतर पाहुण्यांशी तुलना करायचा मोह होईल, तर सांभाळून. कोपा आजवर एकाही पाहुण्याने जिंकलेली नाही, आणि अंतिम सामना खेळलेला पाहुणा एकच, मेक्सिको. त्याखाली २००१ चा होंडुरास. अर्जेंटिनाने ऐन वेळी माघार घेतली म्हणून आलेला संघ, स्पर्धा सुरू झाल्यावर पोचला. त्याने ब्राझीलला २-० बाहेर काढलं आणि तिसरा आला. हिशेब ६ सामने, ३-१-२, ७:५. तिसऱ्या क्रमांकाची उरुग्वेविरुद्धची लढत २-२, शूटआउट ५-४, म्हणजे तीही बरोबरीच. त्याच नियमाने १९९५ चा अमेरिकेचा मेक्सिकोवरचा 'विजय'ही बरोबरीतच जातो. अमेरिका त्या वर्षी चौथी आली, गटात अर्जेंटिनाला ३-० हरवून.

जपानचे दोन दौरे, १९९९ आणि २०१९: ६ सामने, ०-३-३. २०१९ ला बहुतांश खेळाडू ऑलिंपिक वयोगटातले होते, वर मधली_फळी यांनी सांगितलेलं क्लबांचंच कारण. २०११ ला जपानला बोलावणं होतं, पण भूकंपानंतर घरचं वेळापत्रक कोलमडलं, युरोपातले क्लब खेळाडू सोडेनात, आणि जागेवर कोस्टा रिका गेला. २०२१ ला ऑस्ट्रेलिया आणि कतार आशियाई पात्रता सामन्यांमुळे आलेच नाहीत. तक्त्यात 'निमंत्रित पण सहभाग नाही' अशी वेगळी नोंद ठेवा, नाहीतर कुणीतरी त्या वर्षांसमोर ०-०-० लिहून सरासरी काढतं.

उलट दिशेला ब्राझीलही गोल्ड कपात पाहुणा होता. १९९६ आणि २००३ ला तेवीस वर्षांखालचा संघ नेला आणि दोन्हीदा अंतिम सामन्यात मेक्सिकोकडून हरला, ०-२ आणि सुवर्ण गोलावर (जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपायचा) ०-१. १९९८ ला तिसरा. या तक्त्यात मेक्सिकोच्या २०११ ला जी तळटीप लावाल तीच ब्राझीलच्या या दोन वर्षांनाही लावा.

आणि २००० च्या गोल्ड कपातला दक्षिण कोरिया: दोन सामने, दोन बरोबऱ्या, एकही पराभव नाही. गुण, गोल सगळं कॅनडाएवढंच, म्हणून नाणेफेक झाली. कोरिया बाहेर गेला आणि कॅनडाने पुढे तो चषक जिंकला. तक्त्यात ०-२-० आणि 'गटात बाद' शेजारी शेजारी दिसलं तर टायपिंगची चूक समजून दुरुस्त करू नका.

---

राखीव_खेळाडू

फेरीचा स्तंभ घातला, ५१ आले. होंडुरास आणि कोरियाच्या ओळी खाली वेगळ्या गटात टाकतो. मेक्सिको २०१९ आणि २०२१ ला निमंत्रितच नव्हता, तेव्हा त्याच्यासमोर त्या दोन वर्षांचे खण रिकामे सोडू ना?

---

गोलफरक

रिकामे नको, आडवी रेघ मारा. रिकामा खण बघून सहा महिन्यांनी तुम्हालाच वाटेल की भरायचा राहिला.